चित्रकलेचा तास आणि अनुदानाचा पैसा

संसाराच्या हिशेबाची वही ज्यांनीं म्हणून लिहिली आहे, त्यांस एक गोष्ट ठाऊक असेल. महिनाअखेर हात आंखडता घ्यावयाची वेळ आली, म्हणजे किराणा, दूध, औषधपाणी, शाळेची फी यांना कोणी हात लावीत नाहीं. पहिली कात्री लागते ती मुलीच्या गाण्याच्या शिकवणीला किंवा मुलाच्या रंगपेटीला. ती लावतांना कोणाच्या मनांत कलेविषयीं अनादर असतो असें नाहीं. गाणें थांबल्यानें उद्यां कोणाचें अडत नाहीं, एवढेंच त्यामागचें कारण असतें. जो तोटा लगेच दिसत नाहीं, तो तोटाच नव्हे असें मानण्याची मनुष्याची संवय आहे. आणि शाळा म्हणजे तरी अनेक घरांचा मिळून चाललेला एक मोठा संसारच असल्यामुळें, ही संवय तेथेंहि जशीच्या तशी आढळून येते.

शाळांतील कलाशिक्षणास मिळणाऱ्या अनुदानाविषयीं आज चार शब्द लिहावयाचें योजिलें आहे. विषय रुक्ष आहे, असें प्रथमदर्शनीं वाटेल. अनुदान म्हटलें कीं डोळ्यांपुढें कचेरी, अर्ज, शिक्के आणि उपयोगिता-प्रमाणपत्र हींच उभीं राहतात. परंतु आपल्या मुलांच्या हातांत आठवड्यांतून एकदां मातीचा गोळा किंवा कुंचला पडतो कीं नाहीं, हें शेवटीं या रुक्ष कागदांवरच ठरतें. आणि ज्यांच्या घरीं शाळेंत जाणारें मूल आहे, त्यांना तरी हा विषय परका वाटूं नये.

आमच्या गांवांतील एका जुन्या शाळेच्या समितीवर आम्ही कांहीं वर्षें काम करीत आहों. तेथील चित्रकलेचे शिक्षक निवृत्त झाले, तेव्हां त्यांच्या जागीं दुसरे कोणी आले नाहींत. पटसंख्या, संचमान्यता, कार्यभार असे अनेक शब्द वरच्या कचेरीकडून आले. शिक्षक मात्र आला नाहीं. वेळापत्रकांत 'चित्रकला' हा शब्द तसाच राहिला, आणि तो तास कधीं गणिताला, कधीं इंग्रजीला, तर कधीं राहून गेलेल्या एखाद्या धड्याला मिळूं लागला. पालकांपैकीं कोणीं तक्रार केली नाहीं. उलट, असे चार तास जास्त मिळाले तर बरेंच, असें म्हणणारे अधिक होते. चित्रकलेची खोली रिकामी राहिली, मग तींत मोडकीं बाकें ठेवलीं गेलीं, आणि पुढें तिची किल्ली कोणाकडे आहे हेंहि शिपायास आठवेनासें झालें.

अशा स्थितींत शाळेच्या माजी विद्यार्थ्यांपैकीं कांहीं मंडळींनीं मिळून कलाशिक्षणासाठीं देणगी देऊं केली. रक्कम फार मोठी नव्हती. पण ती तीन वर्षें हप्त्यानें मिळावयाची होती, आणि कशी खर्च करावी हें समितीनें ठरवावयाचें होतें. बैठकींत तीन मतें पडलीं. एका पक्षाचें म्हणणें, स्नेहसंमेलन थाटानें करावें. मोठा रंगमंच, भाड्याचे पोशाख, बाहेरचा नृत्यदिग्दर्शक असा बेत असावा, म्हणजे सारें गांव पाहील व देणाऱ्यांसहि समाधान वाटेल. दुसऱ्या पक्षास कलादालन हवें होतें. भिंती रंगवाव्या, संगणकास जोडलेला मोठा पडदा लावावा, दारावर देणगीदारांच्या नांवांची संगमरवरी पाटी बसवावी. तिसरें मत आमचें व मुख्याध्यापिकाबाईंचें होतें. आम्हांस या पैशांतून एक माणूस हवें होतें. आठवड्यांतून तीन दिवस येणारें, आणि तीन वर्षें येत राहणारें.

"कलादालन बांधलें तर वीस वर्षें टिकेल. शिकवणारें माणूस काय, आज आहे, उद्यां नाहीं," असें समितींतील एक वयोवृद्ध गृहस्थ म्हणाले. त्यांना सारें गांव आबा म्हणतें. मुख्याध्यापिकाबाई शांतपणें म्हणाल्या, "आबा, खोली आपल्याकडे आहेच. तिची किल्ली सांपडत नाहीं, एवढीच अडचण आहे."

बैठकींत हंशा पिकला. पण आबांचा मुद्दा हंशावारीं नेण्यासारखा नव्हता. शाळांस पैसा देणाऱ्या पुष्कळांच्या मनांत तोच असतो. वस्तु डोळ्यांना दिसते, तिची पावती मिळते, तिच्यावर नांव कोरतां येतें. शिकवण्याचा तास घंटा होतांच हवेंत विरून जातो. त्याची पावती कोण देणार?

हा प्रश्न आजचा नव्हे. सर जमशेटजी जीजीभाई यांनीं एक लक्ष रुपयांची देणगी दिली, आणि १८५७ सालीं, म्हणजे ज्या वर्षीं मुंबई विश्वविद्यालय स्थापन झालें त्याच वर्षीं, त्यांच्या नांवाची कलाशाळा मुंबईंत सुरू झाली. त्याच्या थोडें आधीं १८५४ च्या चार्ल्स वुड यांच्या प्रसिद्ध खलित्यानें खासगी शाळांस सरकारी मदत देण्याचें तत्त्व घालून दिलें होतें. म्हणजे दात्याची देणगी आणि सरकारचें अनुदान, हे पैशाचे दोन्ही झरे आपल्याकडे जवळजवळ एकाच काळीं वाहूं लागले. पाणी कोणत्या मापानें मोजून द्यावयाचें, हें ठरावयाचें होतें.

त्या मापाचा धडा इंग्लंडनें प्रथम स्वतःवरच गिरवून पाहिला. रॉबर्ट लो यांनीं १८६२ सालीं तेथील प्राथमिक शाळांसाठीं नवा नियम केला. दर मुलामागें शाळेस मिळूं शकणाऱ्या बारा शिलिंगांपैकीं चार शिलिंग हजेरीवर व आठ शिलिंग परीक्षेवर अवलंबून ठेवले. परीक्षा वाचन, लेखन व अंकगणित यांची. एका विषयांत मूल नापास झालें कीं आठांतील एक तृतीयांश रक्कम कापली जाई. हेतु वाईट नव्हता. जनतेचा पैसा वायां जाऊं नये, इतकाच होता. परिणाम मात्र व्हावयाचा तोच झाला. ज्या विषयाला दाम नव्हता, त्याला शाळेंत मान उरला नाहीं, आणि ज्या विषयांना दाम होता त्यांची घोकंपट्टी झाली. कवि मॅथ्यू आर्नल्ड हे त्या काळीं शाळातपासनीस होते; त्यांनीं या पद्धतीवर वर्षानुवर्षें टीका केली. शतक संपण्यापूर्वीं इंग्लंडांत ती मोडीत निघाली. आपल्या मुंबई इलाख्यांतहि शाळांस मदत देतांना 'निकालावर दाम' हें तत्त्व वापरलें गेलें होतें, आणि त्याची छाया आपल्या मनांवरून अजून पुरती हललेली नाहीं.

याचें एक ओळखीचें उदाहरण घ्या. महाराष्ट्राच्या कला संचालनालयाच्या एलिमेंटरी व इंटरमीजिएट या चित्रकलेच्या परीक्षा ठाऊक नाहींत असें सुशिक्षित घर क्वचितच सांपडेल. या परीक्षांनीं मोठें काम केलें आहे. खेड्यापाड्यांतील हजारों मुलांना चित्रकला ही शिकण्याची विद्या आहे हें त्यांच्यामुळें कळलें, आणि कित्येक शिक्षकांचें शाळेंतील स्थान त्यांनींच राखलें. परंतु दहावीच्या निकालांत या परीक्षांचे वाढीव गुण मिळूं लागल्यापासून घरोघर होणारी विचारपूस बदलली. "काय काढलेंस?" असें न विचारतां "यानें किती गुण वाढतील?" असें आपण विचारतों. स्मरणचित्रांत तीच बाग, तोच बाजार, तोच पतंग उडविणारा मुलगा पाठ करून उतरविला जातो. स्मरणचित्र तें, पण स्मरण शिकवणीच्या वर्गाचें! दोष परीक्षेचा नव्हे. जें मोजलें जातें तेवढेंच खरें, ही आपली समजूत येथें आड येते.

कागदोपत्रीं पाहिलें तर कलाशिक्षणाची स्थिति आज मुळींच वाईट नाहीं. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याच्या वेळीं कला, संगीत, नृत्य व नाट्य यांवर जें स्वतंत्र निवेदन सिद्ध झालें, त्यांत दहावीपर्यंत कलाशिक्षण सक्तीचें असावें असें सुचविलें होतें. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टांत, सहावी ते आठवीच्या वर्गांत शंभरांहून अधिक मुलें असतील तर कलाशिक्षणासाठीं अर्धवेळ शिक्षक असावा, असें स्पष्ट म्हटलें आहे. २०१५ पासून केंद्र सरकारचा 'कला उत्सव' भरूं लागला. २०२० च्या शिक्षणधोरणानें तर इतर विषय कलेच्या द्वारें शिकवावे असा आग्रह धरला, व गांवोगांवच्या कारागिरांस शाळेंत शिकवावयास बोलवावें असेंहि सुचविलें. शब्दांचा दुष्काळ नाहीं. संमेलनांत अध्यक्ष भर्तृहरीचा तो शेपूट-शिंगांचा श्लोक म्हणतात, टाळ्या पडतात, आणि सोमवारीं चित्रकलेच्या तासाला गणिताचे शिक्षक वर्गावर येतात. शब्द आणि तास यांच्यामधील हें अंतर भरून काढणें, हेंच अनुदानाचें काम होय.

असो. आमच्या समितींत दोन बैठका वादांत गेल्या, आणि शेवटीं थोड्या मताधिक्यानें माणूस नेमण्याचें ठरलें. सामानासाठीं फारच थोडी रक्कम बाजूला काढली. याबाबतींत ताराबाई मोडकांचें उदाहरण आमच्यापुढें होतें. १९४५ सालीं बोर्डीस त्यांनीं ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलें, तेव्हां महागडीं परदेशी साधनें बाजूला सारून आसपास मिळणाऱ्या साध्या, स्वस्त वस्तूंतून मुलांचीं साधनें तयार केलीं. माती, गेरू, खडू, कोळसा, जुनीं वर्तमानपत्रें यांस पैसा लागत नाहीं म्हटलें तरी चालेल. पैसा लागतो तो त्या मातीपाशीं मुलांबरोबर बसणाऱ्या माणसाला.

नेमलेल्या बाई जवळच्याच गांवच्या. त्यांनीं पहिल्या महिन्यांत खोलींतील बाकें मुलांकडूनच बाहेर काढविलीं. पुढच्या वर्षांत काय काय झालें, तें सर्व सांगण्यास येथें जागा नाहीं; एकच प्रसंग सांगतों. सातवीच्या वर्गांत त्यांनीं ठिपक्यांची रांगोळी घेतली होती. मधल्या ओळींत पांच ठिपके, वर चार, तीन, दोन, एक, खालींहि तसेंच. एकूण ठिपके किती, असें त्यांनीं सहज विचारलें. मुलें एकेक ठिपका मोजूं लागलीं. एक मुलगी मात्र मोजीना. गणितांत ती नेहमीं मागें असे. ती म्हणाली, "बाई, आमची आजी ठिपके मोजत नाहीं. मधल्या ओळींत किती, तेवढेंच विचारते आणि एकूण सांगते." आजी कसें सांगते, हें तिला सांगतां येईना. तेव्हां बाईंनीं कागद उचलून तिरका धरावयास सांगितलें. तोंच टोंकावर उभी असलेली ती चौकट बुडावर बसली, आणि पांच ओळी, प्रत्येक ओळींत पांच ठिपके, असा पंचवीस ठिपक्यांचा नीट चौरस सर्वांना दिसला. सात घ्या, एकोणपन्नास होतात. नऊ घ्या, एक्यायशीं. वर्गसंख्येला 'वर्ग' कां म्हणतात, हें त्या दिवशीं त्या वर्गाला कळलें. ज्यांच्याकडे चित्रकलेचा तास इतकीं वर्षें जात होता, ते गणिताचे शिक्षक दुसऱ्या आठवड्यांत आपण होऊन बाईंकडे आले, व बीजगणिताच्या धड्यासाठीं हाच पाठ पुन्हां घ्याल काय, असें विचारूं लागले.

ही गोष्ट आम्ही ज्याला त्याला सांगतों, आणि ती ऐकून लोक खूष होतात. परंतु येथें एक इशारा दिला पाहिजे. कलेनें गणिताची सेवा केली तरच तिला शाळेंत जागा, असा जर याचा अर्थ कोणी घेईल, तर तो कलेला दारांतून आंत घेऊन स्वयंपाकघराच्या पलीकडे येऊं न देण्याचाच प्रकार होईल. बेंदराच्या आधीं त्याच मुलांनीं मातीचे बैल केले. निम्मे वाळतांना तडकले, कांहींचीं शिंगें गळलीं. त्यांतून गणित निघालें नाहीं, इतिहास निघाला नाहीं. एका मुलानें मोडलेला बैल टाकून न देतां त्याला बसलेल्या, थकलेल्या बैलाचें रूप दिलें, आणि तो घरीं नेला. त्या तासाचा हिशेब कोणत्या रकान्यांत लिहावा? तरी आमच्या मतें तो तास रांगोळीच्या तासाइतकाच मोलाचा होता.

रकान्याचा प्रश्न खरोखरच पुढें आला. वर्षअखेर देणगीदारांकडून एक छापील नमुना आला. त्यांत 'फलनिष्पत्ति' या शब्दाखालीं मोठी मोकळी जागा होती. समितींतील कांहींनीं सुचविलें कीं संमेलनाचीं छायाचित्रें जोडावीं. आम्हीं तीनच गोष्टी लिहिल्या. ठरलेल्या तासांपैकीं किती तास प्रत्यक्ष झाले व जे झाले नाहींत ते कां. प्रत्येक मुलाच्या वर्षभराच्या कामाची पिशवी शाळेंत ठेवली आहे, ती कोणींहि येऊन पाहावी. आणि बाईंनीं स्वतः लिहिलेलें टिपण, ज्यांत काय साधलें त्याबरोबर काय साधलें नाहीं तेंहि होतें. यापलीकडे मुलांच्या मनांत काय रुजलें, हें आम्हांस मोजतां येत नाहीं, असें पत्रांत स्पष्ट लिहिलें. दुसरा हप्ता वेळेवर आला. सरळ सांगितलेली गोष्ट देणाऱ्यांना पटते, असा आमचा अनुभव आहे. त्यांना तसें सांगणारेच कमी भेटतात.

शिक्षकावरच विश्वास टाकून अनुदान देणें हें केवळ स्वप्न आहे, असेंहि नाहीं. बंगळूरची इंडिया फाउंडेशन फॉर दि आर्ट्स ही संस्था कर्नाटकांत 'कलि-कलिसु', म्हणजे 'शिका आणि शिकवा', या नांवाचा उपक्रम २००९ पासून चालवीत आली आहे. त्यांत सरकारी शाळांतील शिक्षकांस, आपल्या भागांतील कला व लोकजीवन वर्गांतील अभ्यासाशीं जोडण्यासाठीं, अनुदान दिलें जातें. इमारत नव्हे, शिक्षकाची कल्पना हें तेथें अनुदानाचें पात्र आहे. आपल्याकडे २०१३ च्या कंपनी कायद्याप्रमाणें मोठ्या कंपन्यांस सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात. शिक्षण आणि कला-संस्कृति ही दोन्ही त्या कामांच्या यादींत आहेत. पैसा एकाच वर्षांत संपवावा, असा हट्टहि नियमांत नाहीं; चालू ठेवावयाचें काम आरंभाचें वर्ष सोडून पुढें तीन वर्षेंपर्यंत चालवितां येतें. म्हणजे तीन वर्षें शिक्षक देण्याची सोय कायद्यानेंच केली आहे. तरी पुष्कळदां मागितलें जातें तें संगणक, पडदा आणि उद्घाटन. कारण मागणाऱ्या शाळाहि आबांप्रमाणेंच वीस वर्षें टिकणाऱ्या वस्तूचा विचार करतात. आम्हीं मात्र पाहिलें आहे कीं खोली टिकली व तिची किल्ली हरवली. आणि आजीची रांगोळीची रीत कोणत्याहि इमारतीवांचून नातीपर्यंत येऊन पोंचली.

आमच्या शाळेची तीन वर्षें येत्या उन्हाळ्यांत संपतील. बाईंकडे दुसऱ्या एका शाळेची विचारणा आलेली आहे, आणि दिवाळीपूर्वीं आमच्याकडून त्यांना निश्चित शब्द हवा आहे. तो देण्यास आमच्या हातांत अद्यापि कोणतेंहि अनुदान नाहीं. कचेरीकडे अर्ज केला आहे, एका कारखान्याकडेहि केला आहे. तोंपर्यंत समितीनें एक साधी वही घातली आहे. एका तासाचा खर्च काढून पाहिला, तो चार माणसांच्या कुटुंबानें एका संध्याकाळीं उपाहारगृहांत केलेल्या खर्चाहून अधिक भरला नाहीं. ज्याला जितके तास देणें झेपेल, तितके त्यानें आपल्या नांवावर लिहावे. आबांचें मत बदललेलें नाहीं. कलादालनच हवें होतें असें ते अजून म्हणतात. पण वहींत त्यांच्या नांवावर एक महिन्याचे तास आहेत.

वाचकांपैकीं अनेकजण कोठल्या तरी शाळेचे माजी विद्यार्थी, पालक किंवा समितीचे सभासद असतील. शाळेला कलेसाठीं कांहीं देण्याचा प्रसंग येईल तेव्हां त्यांनीं तीन गोष्टी विचाराव्या, इतकीच आमची विनंति आहे. या पैशांतून मुलांना आठवड्याला किती तास मिळतील? ते तास घेणारें माणूस किती वर्षें राहील? आणि परीक्षा जवळ आली म्हणजे तो तास दुसऱ्या विषयाला दिला जाणार नाहीं, असें मुख्याध्यापक लिहून देतील काय? या तिहींचीं उत्तरें नीट मिळालीं, तर खुशाल द्यावें. पाटीवर नांव कोरण्याचा खर्च वांचेल. त्यांत एका वर्गाला वर्षभर पुरेल इतकी माती सहज येईल.